तो करत नाही, की त्याला जमत नाही?



या महिन्यात आम्ही आधी आमची एक चूक कबूल करतो आणि मग विषयाकडे वळतो.

तीन वर्षांपूर्वी मराठवाड्यातल्या एका तालुक्याच्या गावाहून एका आईचे पत्र आले होते. मुलगा सहावीत. वर्गात एका जागी बसत नाही, वही अर्धी सोडतो, डबा शाळेत विसरतो आणि वही घरी. दुकानातून तीन वस्तू आणायला सांगितल्या तर एक आणतो. त्या भगिनीने विचारले होते, काय करू? आम्ही याच सदरातून उत्तर दिले होते : मोबाइल काढून घ्या, अभ्यासाची वेळ ठरवा, घरात थोडी शिस्त ठेवा, मूल वळणावर येईल. लिहिताना ते उत्तर आम्हाला शहाणपणाचे वाटले होते.

गेल्या महिन्यात त्याच भगिनीचे दुसरे पत्र आले. त्यांच्या परवानगीने त्यातला थोडा भाग येथे देतो.

"तुम्ही सांगितलं तसं सगळं केलं. मोबाइल बंद केला, दोन वर्षं कडक राहिले. खोटं कशाला बोलू, हातही उचलला. आता तो नववीत आहे. पहिल्या सत्रात गणित आणि विज्ञानात नापास झाला. मुख्याध्यापकांनी बोलावून सांगितलं, याच्यामुळे शाळेचा दहावीचा निकाल खाली येईल, याला काढा आणि १७ नंबरचा फॉर्म भरून बाहेरून बसवा. याचे अब्बा म्हणतात, याची शिकायची नियतच नाही, उद्यापासून गॅरेजवर बसवतो. पण आपा, हाच मुलगा बिघडलेला पंखा उघडून बसला की तासभर मान वर करत नाही. जुम्म्याचं बयान घरी येऊन जसंच्या तसं सांगतो. मग हा ढ आहे का? आळशी आहे का? की माझंच काही चुकलं?"

या भगिनीला आम्ही सर्वांत आधी हे सांगतो की चूक त्यांची नव्हती, आमची होती. त्यांनी एका मुलाचे वर्णन पाठवले आणि आम्ही न विचारता, न तपासता उपदेश पाठवला. म्हणून या वेळी लिहिण्यापूर्वी आम्ही मुलांच्या मनाचे डॉक्टर आणि अशा मुलांना शिकवणारे विशेष शिक्षक यांच्याशी बोललो, वाचले, आणि मगच लेखणी उचलली. त्यांच्या मुलाला नेमके काय आहे, हे पत्रावरून सांगता येत नाही. पण असे वर्णन ऐकले की तज्ज्ञांच्या मनात जी पहिली शंका येते तिचे नाव आहे एडीएचडी. मराठीत त्याला अवधानाची कमतरता आणि अतिचंचलता असे म्हणतात. आज त्याविषयीच बोलू.

नियतीचा नव्हे, मेंदूचा प्रश्न

हा काही मोबाइलच्या जमान्यातला नवा आजार नाही. १९०२ साली लंडनमध्ये जॉर्ज स्टिल नावाच्या बालरोगतज्ज्ञाने डॉक्टरांपुढे काही व्याख्याने दिली आणि त्यांत ४३ मुलांची हकिकत सांगितली. ही मुले बुद्धीने ठीक होती, पण त्यांना स्वतःला आवरता येत नव्हते. गंमत पाहा, त्या डॉक्टरनेही या अवस्थेला नैतिक संयमातील उणीव असेच म्हटले होते. म्हणजे एकशेवीस वर्षांपूर्वी तिकडे जे म्हणत होते, तेच आपण आज घराघरांत म्हणतो : नियत नाही.

त्यानंतर विज्ञान बरेच पुढे गेले. २००७ साली अमेरिकेतल्या संशोधकांनी एडीएचडी असलेल्या आणि नसलेल्या मुलांच्या मेंदूची छायाचित्रे ताडून पाहिली. त्यांत असे दिसले की एडीएचडी असलेल्या मुलांचा मेंदूही इतरांच्याच क्रमाने वाढतो, पण त्याचे बाह्य आवरण परिपक्व व्हायला सरासरी सुमारे तीन वर्षे उशीर होतो. हा उशीर सर्वांत जास्त कपाळामागच्या भागात आढळला. लक्ष टिकवणे, मनातली ऊर्मी रोखणे, काम आखून ते वेळेत पुरे करणे, ही कामे याच भागाची. उंचीने बापाच्या खांद्याला लागलेला मुलगा वागण्यात धाकट्या भावासारखा वाटतो, त्याचे एक कारण हे असू शकते.

निरनिराळ्या देशांतले अभ्यास एकत्र केले तर शंभर मुलांमागे साधारण पाच मुलांना हा त्रास असल्याचे दिसते. म्हणजे साठ मुलांच्या वर्गात दोन-तीन. यात आनुवंशिकतेचा वाटा फार मोठा आहे. डॉक्टरांच्या खोलीत पुष्कळदा असे घडते की मुलाविषयीचे प्रश्न ऐकता ऐकता वडील गप्प होतात आणि म्हणतात, "डॉक्टर, हे तर माझं लहानपण आहे." ज्या बापाला मुलाचा सर्वांत जास्त राग येतो, त्यानेच कधी कधी हे सगळे स्वतः भोगलेले असते, फक्त त्याच्या वेळी त्याला नाव नव्हते.

आणि पंखा? या भगिनीच्या पत्रातला तो पंखा महत्त्वाचा आहे. "आवडीच्या कामात लक्ष लागतं, म्हणजे अभ्यासात मुद्दाम लावत नाही," असे आपण सहज म्हणून जातो. पण एडीएचडीत लक्ष नसते असे नाही, लक्षावर ताबा कमी असतो. जे हाताला लागते, ज्याचा परिणाम लगेच दिसतो, त्यात हे मूल बुडून जाते. जे कंटाळवाणे आहे आणि ज्याचे फळ मार्च महिन्यात मिळणार आहे, त्याकडे मन ओढून आणायची दोरीच त्याच्या हातात नीट नसते.

शाळा नेमके काय मोजते?

आपल्याला वाटते की शाळा बुद्धी मोजते. पण आठवीनंतरची शाळा बुद्धीबरोबर आणखी चार गोष्टी मोजते : वेळेवर सुरुवात करणे, लक्षात ठेवणे, आवरून ठेवणे आणि शेवटपर्यंत नेणे. एडीएचडी असलेल्या मुलाला नेमक्या याच चार गोष्टी जड जातात. म्हणून प्राथमिक शाळेत हुशार म्हणून निभावलेला मुलगा आठवी-नववीत एकदम कोसळतो. लहान वर्गात एक बाई होत्या, त्या आठवण करून देत. आता प्रत्येक विषयाला वेगळे शिक्षक, प्रत्येकाची वेगळी वही, वेगळी तारीख.

अशा मुलाचा एक दिवस डोळ्यांपुढे आणा. सकाळी एक मोजा सापडत नाही. प्रार्थना सुरू झाल्यावर शाळेत पोहोचतो, पहिली बोलणी तिथेच. गणिताचे सर सांगतात, "पान ४२ काढा, उदाहरण तिसरे सोडवा आणि दुसऱ्या रीतीने पडताळा करा." एका दमात तीन सूचना. त्याच्या मनात पहिली राहते, उरलेल्या दोन निसटतात. शेजाऱ्याला विचारतो, तर बोलल्याबद्दल उभा केला जातो. फळ्यावरचे उतरवून घेताना दर शब्दाला मान वर-खाली होते आणि तेवढ्यात फळा पुसला जातो. घरी येईपर्यंत गृहपाठ काय होता हेच आठवत नाही. आठवला तर वही सापडत नाही. रात्री जागून केला तर सकाळी द्यायला विसरतो. हे शेवटचे वाचून काही आया हसतील, आणि काहींच्या डोळ्यांत पाणी येईल.

मग परीक्षा. उत्तरपत्रिका नीट पाहिली तर खूण सापडते. रीत बरोबर, पण वजाचे चिन्ह खालच्या ओळीत उतरलेच नाही. "कोणतेही दोन सोडवा" हे न वाचता चारही सोडवले आणि पुढच्या प्रश्नाला वेळ उरला नाही. निबंधाची सुरुवात सुंदर आणि शेवट नाही. एक पान मधेच कोरे, कारण दोन पाने एकदम उलटली गेली. तोंडी विचारले तर उत्तर येते, कागदावर गुण नाहीत. प्रकल्प आणि प्रयोगवही वेळेवर न दिल्याने अंतर्गत गुणही जातात. म्हणजे जे येत होते त्याचेही गुण हातून गेले.

या वयात आणखी एक फसगत होते. लहानपणची धावपळ, उड्या मारणे हे दहा-बारा वर्षांनंतर बरेचदा कमी होते. आईवडिलांना वाटते, चला, सुधारला. पण बाहेरची चंचलता आत जाते. मुलगा बाकावर बसलेला असतो, मन बसलेले नसते. त्यात रोजची बोलणी साठत जातात. पहिलीपासून नववीपर्यंत "तू लक्षच देत नाहीस" हे वाक्य त्याने किती वेळा ऐकले असेल, विचार करा. एके दिवशी तो प्रयत्नच सोडून देतो, कारण प्रयत्न करून नापास होण्यापेक्षा प्रयत्न न करता नापास झालेले कमी बोचते. तेव्हा मात्र तो खरोखरच आळशी दिसू लागतो.

शांत मुलीचे काय?

मुलग्याची तक्रार शाळेतून येते, मुलीची येत नाही. मुलींमध्ये बरेचदा दंगा नसतो, फक्त लक्ष हरवलेले असते. खिडकीजवळ बसलेली, कुणाला त्रास न देणारी, हळू लिहिणारी मुलगी. शिक्षक लिहितात, "स्वभावाने चांगली, अभ्यासात साधारण." घरात म्हणतात, "डोकं चालत नाही बिचारीचं." मुलगा नापास झाला तर निदान आरडाओरडा होतो. मुलगी नापास झाली तर कित्येक घरांत कुणी ओरडत नाही, नुसते शाळेतून काढून घेतात आणि मग स्थळाची चर्चा सुरू होते. भगिनींनो, अशी एखादी मुलगी तुमच्या घरात, शेजारात असेल, तर हा लेख तिच्यासाठीही आहे. तिची तपासणी मुलग्याच्या तपासणीइतकीच गरजेची आहे.

घाईने शिक्का मारू नका

आता दुसरी बाजू. प्रत्येक चंचल मूल म्हणजे एडीएचडी नव्हे. निदानाचे नियम ठरलेले आहेत. लक्षणे बारा वर्षांच्या आत सुरू झालेली असावी लागतात, ती घर आणि शाळा अशा किमान दोन ठिकाणी दिसावी लागतात, सहा महिन्यांहून अधिक काळ टिकलेली असावी लागतात आणि त्यांच्यामुळे मुलाचे खरोखर नुकसान होत असावे लागते. रक्ताची किंवा यंत्राची कोणतीही एक चाचणी एडीएचडी सांगत नाही. डॉक्टर आईवडिलांशी बोलतात, शिक्षकांकडून प्रश्नावली भरून घेतात, जुनी प्रगतिपुस्तके पाहतात. दहा मिनिटांत निदान होत नसते.

म्हणून आधी बाकीची कारणे पाहावीत. डोळे आणि कान तपासले आहेत का? मूल पुरेसे झोपते का? अंगात रक्त कमी आहे का? घरात आजारपण, भांडण, कर्ज यांची काळजी त्याच्या मनावर आहे का? शाळेत कुणी छळते का? आपल्या घरांतले एक खास कारण म्हणजे माध्यम. चौथीपर्यंत उर्दूतून शिकलेले मूल पाचवीला मराठी किंवा सेमी-इंग्रजी वर्गात बसवले, तर भाषा न कळल्याने त्याचे लक्ष उडते. ते वरून अगदी एडीएचडीसारखे दिसते, पण त्याचा इलाज वेगळा. जे मूल बारा वर्षांपर्यंत व्यवस्थित होते आणि नववीत एकाएकी बदलले, तिथे उदासीनता, चिंता, वाईट संगत किंवा एखादा धक्का आहे का, हे आधी शोधावे.

दुसरे असे की एडीएचडी असलेल्या पुष्कळ मुलांना वाचन, लेखन किंवा गणित यांतली विशिष्ट अध्ययन अक्षमताही असते. एक सापडले म्हणून दुसरे तपासायचे राहू नये. सवलतींच्या दृष्टीने हे फार महत्त्वाचे आहे, ते पुढे सांगतो.

जायचे कुठे?

मोठ्या शहरात बालमानसोपचारतज्ज्ञ मिळतात. तालुक्याच्या गावी काय करायचे? राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम २०१३ साली सुरू झाला. त्याची वैद्यकीय पथके सरकारी आणि अनुदानित शाळांत येऊन अठरा वर्षांपर्यंतच्या मुलांची तपासणी करतात. ज्या त्रासांकडे या पथकांनी पाहायचे आहे, त्यांच्या यादीत एडीएचडी आणि अध्ययन अक्षमता दोन्ही आहेत. पथक शाळेत कधी येणार हे मुख्याध्यापकांना विचारा आणि त्या दिवशी स्वतः हजर राहून मुलाविषयी सांगा. पुढच्या तपासणीसाठी जिल्हा रुग्णालयातील जिल्हा शीघ्र हस्तक्षेप केंद्राकडे पाठवले जाते. जिल्हा रुग्णालयांत आणि सरकारी वैद्यकीय महाविद्यालयांत मानसोपचार विभागही असतो. जायच्या आधी फोनवर बोलायचे असेल तर टेली मानस ही सरकारी सेवा आहे, क्रमांक १४४१६. ती २०२२ पासून सुरू आहे, पैसे पडत नाहीत आणि मराठीतही बोलता येते.

जाताना सोबत काय न्यायचे? पहिलीपासूनची प्रगतिपुस्तके, दोन-तीन उत्तरपत्रिका, एक-दोन वह्या आणि शिक्षकांचे चार ओळींचे पत्र. यांतून डॉक्टरांना पुष्कळ कळते.

काही घरांत नजर लागली म्हणून आधी ताविज बांधला जातो आणि दोन वर्षे तशीच निघून जातात. मुलासाठी दुआ करण्यापासून आईला कोण रोखणार? पण दवा दुआच्या आड येत नाही. ताप आला की आपण दोन्ही करतो, इथेही दोन्ही करावे.

औषधाची भीती

औषधाचे नाव काढले की घरात पहिला प्रश्न येतो, "सवय लागेल का?" भीती रास्त आहे, म्हणून साफ सांगतो. एडीएचडीसाठी सर्वांत जास्त वापरले जाणारे औषध म्हणजे मिथाइलफेनिडेट. ते १९४४ साली प्रथम तयार झाले आणि कित्येक दशकांपासून मुलांना दिले जाते. आपल्या देशात त्यावर कायद्याचे कडक नियंत्रण आहे, चिठ्ठीशिवाय ते मिळत नाही आणि मिळूही नये. डॉक्टरांच्या देखरेखीखाली, ठरलेल्या मात्रेत घेतले तर व्यसन लागत नाही, पण ते दुसऱ्या कुणाला देणे किंवा "परीक्षेपुरते" कुणाकडून घेणे धोक्याचे आहे. भूक कमी होणे, झोप उशिरा येणे, पोट किंवा डोके दुखणे हे त्रास होऊ शकतात. म्हणून वजन, उंची, नाडी आणि रक्तदाब वेळोवेळी पाहिले जातात. ज्यांना हे चालत नाही त्यांच्यासाठी अ‍ॅटोमॉक्सेटिनसारखी दुसरी औषधे आहेत.

औषध किती उपयोगी? अमेरिकेत ५७९ मुलांवर झालेल्या आणि १९९९ साली प्रसिद्ध झालेल्या मोठ्या अभ्यासात असे दिसले की चौदा महिन्यांत लक्षणे कमी करण्यात, नीट देखरेख ठेवून दिलेले औषध नुसत्या वर्तनोपचारापेक्षा सरस ठरले. त्याच मुलांना पुढे काही वर्षे पाहिले तेव्हा हा फरक तितका राहिला नाही. यातून समजायचे ते इतकेच : औषध चष्म्यासारखे आहे. चष्म्याने अक्षरे दिसतात, पण वाचायला शिकावे लागतेच. सहावीपासून राहून गेलेले अपूर्णांक गोळीने येणार नाहीत, ते कुणीतरी बसून शिकवावे लागतील.

रमजानविषयी भगिनी नेहमी विचारतात. औषध चालू असेल तर रमजानच्या दोन-तीन आठवडे आधी डॉक्टरांना भेटा. गोळी सहरीला घ्यायची का, कोणत्या प्रकारची घ्यायची, हे तेच ठरवतील. काही गोळ्यांचा असर तीन-चार तासच राहतो, काहींचा जास्त वेळ. स्वतःच्या मनाने मात्रा बदलू नका, एकदम बंदही करू नका. आणि या महिन्यात झोप तुटते, तिचा परिणाम या मुलांवर इतरांपेक्षा जास्त होतो, हे ध्यानात ठेवून अभ्यास आखा.

दहावी आणि सवलती

दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा, २०१६ यात २१ प्रकार दिले आहेत. त्यांत एडीएचडी स्वतंत्रपणे नाही. पण विशिष्ट अध्ययन अक्षमता आहे. म्हणून वर म्हटले की दोन्हींची तपासणी करून घ्या. सरकारी रुग्णालयाचे रीतसर प्रमाणपत्र असेल तर लेखी परीक्षेत तासामागे किमान वीस मिनिटे जादा वेळ देण्याची केंद्राची मार्गदर्शक तत्त्वे आहेत. दोन तासांच्या पेपरला चाळीस मिनिटे. गरजेप्रमाणे लेखनिक आणि इतर सवलतीही मिळतात. हे काम शाळेमार्फत होते आणि त्याला महिने लागतात. दहावीचे फॉर्म भरायच्या वेळी धावाधाव करण्यापेक्षा नववीतच सुरुवात करा.

याच कायद्यात मान्यताप्राप्त शाळांवर एक जबाबदारी टाकली आहे : अध्ययन अक्षमता असलेली मुले लवकर ओळखावीत आणि त्यांना शिकवण्याची योग्य व्यवस्था करावी. कुणी मुलाला काढून घ्या म्हणाले, तर भांडण न करता लेखी अर्ज द्या की मुलाची तपासणी चालू आहे, अहवाल येईपर्यंत त्याला वर्गात राहू द्यावे. अर्जाची पोच घ्या. तोंडी बोलणे हवेत विरते, कागद राहतो.

आणि समजा, सगळे करूनही नेहमीची शाळा झेपली नाही, तर राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्थेचा रस्ता आहे. तिथे नोंदणी पाच वर्षे चालते आणि विषय एकेक करून पास होता येते. सगळे विषय एकाच मार्चमध्ये पेलण्याची सक्ती नसते. पण हा रस्ता मुलाच्या सोयीसाठी निवडावा, शाळेच्या निकालासाठी नव्हे.

घरात काय बदलायचे?

तीन वर्षांपूर्वी आम्ही "शिस्त लावा" म्हटले होते. आज तेच दुसऱ्या रीतीने सांगतो : शिस्त मुलाच्या डोक्यात नसेल तर ती भिंतीवर लावा.

दप्तर रात्रीच भरून दाराशी ठेवायचे. दाराला एक कागद : डबा, पाणी, वह्या, ओळखपत्र. भिंतीवर मोठे घड्याळ आणि महिन्याचा तक्ता, प्रकल्पाची तारीख लाल पेनाने. सूचना द्यायची तर एका वेळी एकच, जवळ जाऊन, डोळ्यांकडे पाहून. स्वयंपाकघरातून हाक मारून दिलेल्या तीन सूचना वाया जातात.

अभ्यास वीस मिनिटे, मग पाच मिनिटे उठून फिरणे, पुन्हा वीस. "दोन तास बसून राहा" हे या मुलाला जमणार नाही, आणि जमले तरी तो फक्त बसलेला असेल. सुरुवात सर्वांत कठीण असते, म्हणून पहिली पाच मिनिटे कुणीतरी शेजारी बसा. शिकवता आले नाही तरी चालेल, आई शेजारी भाजी निवडत बसली तरी फरक पडतो. मोबाइल अभ्यासाच्या वेळी दुसऱ्या खोलीत, आणि हा नियम मोठ्यांनाही. मोबाइलमुळे एडीएचडी होतो असे नाही, पण कमकुवत लक्षाला तो सहज पळवून नेतो. रोज मैदानावर जाऊ द्या. खेळ बंद करणे ही या मुलांसाठी सर्वांत वाईट शिक्षा आहे.

आणि चांगले केले की त्याच क्षणी सांगा. महिन्याच्या शेवटी सायकल देण्यापेक्षा आत्ता "आज वही आठवणीनं आणलीस, बरं वाटलं" हे चार शब्द जास्त काम करतात.

शिक्षकांकडे जाताना तक्रार घेऊन जाऊ नका, विनंती घेऊन जा. "सर, याला पुढच्या बाकावर बसवाल का? गृहपाठ डायरीत लिहिला का, एवढं शाळा सुटताना पाहाल का? चुकला तर बाजूला बोलावून सांगाल का?" साठ मुलांच्या वर्गात शिक्षकांचेही हात बांधलेले असतात. तीन छोट्या गोष्टी मागितल्या तर दोन तरी मिळतात.

पेपरचा सराव घड्याळ लावून करून घ्या. आधी सूचनांखाली रेघ, मग येणारे प्रश्न, शेवटची दहा मिनिटे फक्त तपासायला : चिन्हे, प्रश्न क्रमांक, कोरी पाने. एवढ्यानेही हातचे गुण हातात राहतात.

त्या भगिनीला

आता, भगिनी, तुमच्या तीन प्रश्नांची उत्तरे. तुमचा मुलगा ढ दिसत नाही. तो आळशी आहे असे म्हणण्याआधी त्याची तपासणी व्हायला हवी. आणि तुमचे चुकले का? कडक राहिलात ते आमच्या सल्ल्याने, त्याचा दोष आमच्याकडे ठेवा. हात उचलला गेला, त्याबद्दल त्याला एकदा जवळ घेऊन सांगा की अम्मीला कळले नव्हते. आईने माफी मागितल्याने तिचा मान कमी होत नाही.

भाईसाहेबांनाही आमचा सलाम सांगा. गॅरेजचे काम कमीपणाचे नाही. ज्या मुलाचे हात पंख्यात रमतात, तो उद्या आयटीआय करून चांगला कारागीर होईल, कदाचित स्वतःचे गॅरेज काढील. पण आयटीआयच्या बहुतेक चांगल्या ट्रेडना दहावी लागते. गॅरेज त्याने आवडीने निवडावे. नापास झाल्याची शिक्षा म्हणून त्याला तिथे बसवू नका. आणि डॉक्टरांकडे जाताना त्यांनी सोबत जावे, ही आमची खास विनंती. मुलाला हे कळू द्या की अब्बा आपल्याला शाळेतून काढायला निघालेले नाहीत, आपल्या बाजूने उभे आहेत.

दुसऱ्या सत्राला अजून वेळ आहे. आधी शाळेत अर्ज, मग जिल्हा रुग्णालय, आणि आजपासून दाराला तो कागद. काय झाले ते आम्हाला जरूर कळवा. या वेळी आम्ही उत्तर देण्याआधी नीट ऐकू, इन्शाअल्लाह.